मार्चची वाट न बघता: प्रयोगासाठी ग्रोथ चेंबर कसं मिळवावं

गव्हाचा दाणा चिकात असताना ऊन तापलं तर आत काय होतं, हे मला पीएचडीत बघायचं होतं. शिरूर तालुक्यातल्या आमच्या शेतात वडील जवळजवळ दरवर्षी म्हणायचे, "थंडी लवकर उठली, आता दाणा भरायचा नाही." नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरलेला गहू निभावून जायचा. ऊस तुटल्यावर डिसेंबरात पेरलेला मात्र फेब्रुवारीअखेरच्या उन्हात सापडायचा आणि दाणा बारीक, सुरकुतलेला निघायचा. कारण शोधायचं तर तापमान सोडून बाकी सगळं सारखं ठेवायला हवं, आणि शेतात ते जमत नाही. उशिराच्या गव्हाला ऊन जास्त लागतं, पण त्याचा दिवसही वेगळ्या लांबीचा असतो, मावाही वेगळा आणि पाण्याच्या पाळ्याही वेगळ्या. शिवाय मार्च वर्षातून एकदाच येतो. प्रयोग फसला की वर्ष गेलं.

म्हणून मला ग्रोथ चेंबर हवं होतं, म्हणजे तापमान, प्रकाश, आर्द्रता ठरवून देता येते अशी बंद खोली किंवा कपाट, आणि माझ्या कॉलेजात ते नव्हतं. आता मी पुण्यातच एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. आमच्याकडेही चेंबर नाही. पावसाळा सुरू झाला की एमएस्सी-पीएचडीची मुलं, कधी एखाद्या छोट्या बियाणे कंपनीतला पैदासकार (नवे वाण तयार करणारा), माझ्या टेबलाशी येऊन विचारतात, "मॅडम, चेंबर कुठे मिळेल?" त्यांना तोंडी सांगते ते इथे सविस्तर लिहिते आहे.

आधी वहीत चार रकाने

कुठे मिळेल हे सांगायच्या आधी मी वही उघडायला लावते. तापमान, प्रकाश, हवेतली आर्द्रता, पाणी-खत असे चार रकाने आखायचे. यातलं मुद्दाम बदलायचं काय, अगदी सारखं ठेवायचं काय आणि थोडं इकडेतिकडे झालं तरी चालेल असं काय, ते प्रत्येक रकान्यात लिहायचं. पुष्कळ मुलांच्या लक्षात इथेच येतं की आपल्याला चेंबर लागतच नाही.

एका विद्यार्थिनीला सोयाबीनवर दिवसाच्या लांबीचा परिणाम बघायचा होता. सोयाबीन दिवस आखूड झाला की फुलोऱ्याकडे वळतं. पुण्यात जूनमध्ये दिवस साधारण सव्वातेरा तासांचा आणि डिसेंबरात अकरा तासांचा असतो, म्हणजे इथल्या दिवसात फरक तसा थोडाच. तिला दहा तासांचा आणि चौदा तासांचा दिवस हवा होता. आम्ही कॉलेजच्या गच्चीवर पाइपचे दोन सांगाडे केले आणि त्यांवर दुहेरी कापड शिवलं, आतून काळं आणि बाहेरून पांढरं. दोन्ही सांगाडे संध्याकाळी पाचला झाकायचे आणि सकाळी सातला उघडायचे. एकात पूर्ण अंधार, दुसऱ्यात रात्री नऊपर्यंत मंद एलईडी. त्यामुळे अन्न तयार करायला दोन्हीकडच्या झाडांना तेच दहा तासांचं ऊन मिळालं, दिवसाची लांबी तेवढी वेगळी. बाहेरचं कापडही काळं असतं तर पाचच्या उन्हात आत भट्टी झाली असती. तरीही तिने दोन्हीकडे तापमापी ठेवली आणि रोजची नोंद केली. असा प्रयोग कुठल्याही परीक्षकासमोर मांडता येतो.

क्षाराचा बियाण्याच्या उगवणीवर काय परिणाम होतो एवढंच बघायचं असेल तर बीओडी इन्क्युबेटर, म्हणजे एकच तापमान राखणारं कपाट, पुरतो, आणि तो सूक्ष्मजीवशास्त्र विभागात बहुतेक असतोच. पाण्याचा ताण द्यायचा असेल तर पाऊस अडवणारं पारदर्शक छप्पर आणि रोज कुंड्या तोलायला वजनकाटा पुरे. रोपं नुसती पावसाळी मारापासून जपायची असतील तर शेडनेट किंवा साधं पॉलिहाऊस चालतं. पॉलिहाऊसबद्दल एक गोष्ट लक्षात असू द्या. फॅन-पॅडचा, म्हणजे पंख्याने ओल्या जाळीतून हवा ओढून केलेला, गारवा पाण्याच्या बाष्पीभवनातून येतो, म्हणून तो मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत छान चालतो आणि जुलैच्या ओल्या हवेत जवळजवळ निकामी होतो. वर्षभर एकच तापमान हवं असेल तर तिथे ते मिळणार नाही.

चेंबर खरंच लागतं ते पिकाच्या ठराविक अवस्थेत ठराविक तापमान द्यायचं असेल तेव्हा. गहू पोटरीत आल्यापासून (ओंबी अजून पानाच्या आवरणात असते तेव्हापासून) ओंबी निसवेपर्यंत, म्हणजे बाहेर पडेपर्यंतच, ताण द्यायचा आणि मग काढून घ्यायचा, असं काही. हंगामाबाहेर पीक घ्यायचं असेल किंवा एका वर्षात अनेक पिढ्या काढायच्या असतील तेव्हाही लागतं.

पिढ्यांचा विषय निघाला की पैदासकारांचे डोळे चमकतात, म्हणून त्याबद्दल थोडं. क्वीन्सलँड विद्यापीठ आणि इतर ठिकाणच्या संशोधकांनी २०१८ साली 'नेचर प्लांट्स'मध्ये दाखवलं की रोज २२ तास प्रकाश आणि २ तास अंधार दिला तर गहू, सातू, हरभरा यांच्या वर्षाला सहापर्यंत पिढ्या निघतात. याला स्पीड ब्रीडिंग म्हणतात. ही पिकं लांब दिवसात लवकर फुलतात म्हणून हे साधतं. सोयाबीन, भात यांना २२ तास उजेड दिला तर ती फुलायचंच लांबवतील, त्यांचं वेळापत्रक वेगळं करावं लागतं. आणि दाटीवाटीच्या लहान कुंडीतून उत्पादनाची निवड होत नाही. चेंबरातून शुद्ध वाण लवकर हाती येतात, त्यांची परीक्षा शेवटी शेतातच. बियाणे कंपनीच्या मंडळींना हे मी दोनदा सांगते, कारण चेंबरचं भाडं ठरवताना शेतचाचणीचे पैसे बाजूला ठेवलेले नसतात.

मागणी आकड्यांत लिहा

"गव्हावर उष्णतेचा परिणाम बघायचा आहे, चेंबर मिळेल का?" अशा पत्राला उत्तर येत नाही. मी स्वतः अशी पत्रं पाठवली आहेत. चेंबर सांभाळणाऱ्याला जागा किती, दिवस किती आणि यंत्रावर ताण किती एवढं आधी कळायला हवं असतं.

जागेपासून सुरू करा. १५ सेंटिमीटर तोंडाच्या कुंड्या अगदी चिकटवून ठेवल्या तर चौरस मीटरला ३६ बसतात, पण गव्हाला फुटवे आले की पानं एकमेकांत जातात, तेव्हा २५ धरा. दोन वाण, दोन तापमानं आणि प्रत्येकी दहा कुंड्या म्हणजे एकूण ४० कुंड्या, एका चेंबरात २०, म्हणजे चौरस मीटरला थोडी कमी जागा. उंचीही लिहा. फडताळासारख्या कप्प्यांच्या चेंबरात लोकवन गहू निसवला की ओंब्या दिव्याला टेकतात. पूर्ण वाढीचा गहू असेल तर माणूस आत उभा राहू शकेल अशी वॉक-इन खोली मागा.

दिवस मोजताना पेरणीपासून मोजायची गरज नाही. माझ्या कामात रोपं पोटरीत येईपर्यंत साध्या पॉलिहाऊसमध्ये वाढली आणि चेंबरात फक्त शेवटचे पाच आठवडे राहिली. चार महिन्यांऐवजी पाच आठवडे मागितले की नकाराचा होकार होतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

प्रकाश लक्समध्ये लिहू नका. लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे. झाडाला ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले प्रकाशकण किती मिळतात ते लागतं, आणि ते मायक्रोमोल प्रति चौरस मीटर प्रति सेकंद असं मोजतात. दुपारच्या स्वच्छ उन्हात हा आकडा २०००च्या घरात असतो. साध्या चेंबरात २०० ते ६०० मिळाला तरी बरं. ऊतीसंवर्धनाच्या, म्हणजे बाटलीत ऊतीपासून रोपं वाढवण्याच्या, रॅकवर तर पन्नासच्या आसपास असतो, तिथे कुणी कितीही आग्रह केला तरी गहू ठेवू नका, तो लोळेल. दिवसाची एकूण बेरीज काढायची तर तो आकडा गुणिले तास गुणिले ०.००३६. चारशेचा प्रकाश १६ तास दिला तर दिवसाला २३ मोल होतात. फेब्रुवारी-मार्चच्या निरभ्र दिवशी शेतात ४०च्या वर मिळतात. ही तफावत आपल्या अर्जात आपणच लिहिलेली असली की समोरच्याला विश्वास वाटतो.

आता आर्द्रता. इथे माझं जवळजवळ एक वर्ष वाया गेलं, म्हणून जरा थांबून सांगते. मी एका चेंबरात २५ अंश आणि दुसऱ्यात ३५ अंश ठेवले, दोन्हीकडे आर्द्रता ६० टक्के. मला वाटत होतं, तापमान सोडून सगळं सारखं आहे. सहा महिन्यांनी प्रगती अहवाल मांडताना समितीतल्या एका बाईंनी विचारलं, "हवेची ओढ किती होती?" मला उत्तर देता आलं नाही. २५ अंशांना हवा संपृक्त झाली तर बाष्पाचा दाब ३.१७ किलोपास्कल असतो. साठ टक्के आर्द्रतेला तूट, म्हणजे संपृक्त व्हायला हवेला कमी पडणारा दाब, राहते १.२७. ही तूट म्हणजेच हवेची ओढ. पस्तीस अंशांना संपृक्त दाब ५.६२ होतो आणि त्याच साठ टक्क्यांना तूट जाते २.२५वर. म्हणजे गरम चेंबरातली हवा पानांतून पाणी जवळजवळ पावणेदोन पट जोरानं ओढत होती. मी उष्णतेच्या नावाखाली उष्णता आणि कोरडेपणा दोन्ही दिले होते. तूट तेवढीच ठेवायची तर ३५ अंशांना आर्द्रता ७७ टक्क्यांच्या आसपास लागते, आणि एवढी आर्द्रता प्रत्येक यंत्राला झेपत नाही. तेव्हा अर्जात टक्के लिहाल तिथे शेजारी तूटही लिहा, आणि यंत्राची आर्द्रतेची वरची मर्यादा आधी विचारून घ्या.

कुठे विचारायचं

पुण्याचं भाग्य असं की पिकांवर काम करणाऱ्या संस्था तास-दोन तासांच्या अंतरावर आहेत. कुणाकडे काय मिळेल हे दर वर्षी बदलतं. यंत्र बंद असतं, नवं येतं, प्रकल्प संपतो. म्हणून इमारतीपेक्षा तिथे तुमच्या पिकावर काम करणारा माणूस शोधा.

गहू आणि सोयाबीन असेल तर आघारकर संशोधन संस्था. १९४६ साली महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी म्हणून सुरू झालेली ही संस्था त्या इंग्रजी नावाच्या एमएसीएस या आद्याक्षरांनी वाण देते, आणि बारामती तालुक्यात होळला तिचं प्रक्षेत्र आहे. कांदा-लसणाचं संचालनालय राजगुरुनगरला आहे, द्राक्षांचं राष्ट्रीय संशोधन केंद्र मांजरीला, ऊस म्हटलं की तिथलीच वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. फुलांसाठी पुण्यातलं पुष्पसंशोधन संचालनालय आणि शिवाजीनगरचं कृषी महाविद्यालय. पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (एनसीएल) आणि आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था. रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी ऊतीसंवर्धनात बांबूला बाटलीतच फुलोरा आणून दाखवला होता, तो निबंध १९९०च्या 'नेचर'मध्ये आहे. जो बांबू रानात फुलायला दशकं घेतो त्याला नियंत्रित खोलीत फुलताना पाहणारी माणसं आपल्याच गावात होती, हे मी प्रत्येक नव्या तुकडीला सांगते.

ऊन, दुष्काळ, क्षार असा ताणाचाच विषय असेल तर बारामती तालुक्यातल्या माळेगाव खुर्दची राष्ट्रीय अजैविक स्ट्रेस व्यवस्थापन संस्था बघा. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची ही संस्था २००९ पासून याच कामासाठी आहे. स्वारगेटहून बारामतीची एसटी पकडायची, पुढे रिक्षा. पहिल्या भेटीला पूर्ण दिवस काढून जा, फोनवर जे कळत नाही ते खोलीत उभं राहिल्यावर कळतं.

पुण्याबाहेर जायची तयारी असेल तर दिल्लीला पुसा संस्थेत, म्हणजे भारतीय कृषी संशोधन संस्थेत, राष्ट्रीय फायटोट्रॉन आहे. फायटोट्रॉन म्हणजे एका इमारतीत वेगवेगळ्या हवामानाचे अनेक चेंबर आणि काचघरं. तिथेच २०१७ पासून नानाजी देशमुख यांच्या नावाचं फिनॉमिक्स केंद्र आहे, जिथे झाडांची वाढ मोजायला कुंड्या पट्ट्यावरून कॅमेऱ्यांसमोर जातात. स्पीड ब्रीडिंगसाठी मोहालीच्या राष्ट्रीय कृषी-अन्न जैवतंत्रज्ञान संस्थेत २०२३ साली राष्ट्रीय सुविधा सुरू झाली. लांबचं ठिकाण निवडताना रोज पाणी कोण घालणार आणि नोंदी कोण घेणार, हे ठरल्याशिवाय होकार देऊ नका.

शोधायला आय-स्टेम नावाचं सरकारी पोर्टल आहे, जानेवारी २०२० मध्ये सुरू झालेलं. सरकारी पैशातून घेतलेली उपकरणं तिथे नोंदवलेली असतात आणि बाहेरच्यांना वेळ मागता येते. 'प्लांट ग्रोथ चेंबर' असं टाकून शहरानुसार बघा. यादीत नाव दिसलं म्हणून यंत्र चालू आहे असं धरू नका, आधी फोन करा. छोट्या कंपनीला पाषाणच्या एनसीएल इनोव्हेशन पार्कातल्या व्हेंचर सेंटर या नवउद्योग केंद्रात चौकशी करता येईल.

आणि एक मार्ग सहसा कुणी सांगत नाही. मावळात, तळेगावच्या बाजूला गुलाबाची पॉलिहाऊसं आहेत. माझ्या एका विद्यार्थ्याला तिथल्या शेतकऱ्याने एका बाजूची पट्टी हंगामभर वापरायला दिली आणि बदल्यात रोजच्या तापमान-आर्द्रतेच्या नोंदी मागितल्या. त्या नोंदी बघून त्यांनी बाजूचे पडदे उघडायची वेळ बदलली. पॉलिहाऊस चालवणं स्वतः शिकायचं असेल तर तळेगाव दाभाडेला पणन मंडळाच्या एनआयपीएचटी या काढणीपश्चात तंत्रज्ञान संस्थेत हरितगृहाचे प्रशिक्षणवर्ग होतात. पॉलिहाऊसवर काम करणाऱ्या माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी तो वर्ग करायला सांगते.

पत्र आणि पैसे

पहिलं पत्र थेट संचालकांना पाठवू नका. त्या पिकाच्या शास्त्रज्ञांना लिहा, त्यांचा अलीकडचा एखादा निबंध खरोखर वाचून. ते तयार झाले की मार्गदर्शकांची सही आणि प्राचार्यांमार्फत औपचारिक अर्ज. पत्राचा गाभा मी असा लिहून घेते:

"मला गव्हाच्या दोन वाणांच्या ४० कुंड्या, १५ सेंटिमीटरच्या, पोटरी अवस्थेपासून ३५ दिवस ठेवायच्या आहेत. दोन चेंबर हवेत: दिवसा २५ आणि ३५ अंश, रात्री १५ आणि २२, प्रकाश १२ तास, किमान ४०० मायक्रोमोल. झाडांची उंची ९० सेंटिमीटरपर्यंत. रोज पाणी आणि नोंदी मी स्वतः करीन. एकच चेंबर उपलब्ध असेल तर प्रयोग दोन फेऱ्यांत करता येईल. माती निर्जंतुक केलेली असेल. जनुकीय बदल केलेलं बियाणं नाही."

शेवटची तीन वाक्यं होकार मिळवून देतात. अडचण तुम्ही आधीच ओळखली आहे आणि दुसरी वाटही काढून ठेवली आहे, हे त्यातून दिसतं.

पैशांचं सरळ विचारा. शैक्षणिक संस्थेला एक दर आणि कंपनीला दुसरा असं बहुतेक ठिकाणी असतं, वर जीएसटी. आधी प्रोफॉर्मा इन्व्हॉइस मागवा, प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीत दाखवा. मार्चअखेरीला उपयोगिता प्रमाणपत्र देताना पावती नसेल तर तुमचा लेखा विभाग तुम्हाला फेऱ्या मारायला लावेल. सहकार्य म्हणून फुकट मिळत असेल तर निबंधात नाव कुणाचं आणि कोणत्या क्रमाने, हे पेरणीआधी लिहून ठेवा. कणसं मोजून झाल्यावर हा विषय काढला की चांगली नाती बिघडतात.

बियाणं दुसऱ्या संस्थेचं असेल तर साहित्य-हस्तांतर करारावर सही झाल्याशिवाय ते हलवू नका. परदेशातून आणायचं असेल तर दिल्लीच्या एनबीपीजीआर या पीकवाणांच्या राष्ट्रीय ब्यूरोमार्फतच, परवाना आणि विलगीकरणासह. सामानातून पुडी आणायची नाही, त्या पुडीतून रोग आपल्या शेतात येतो. जनुकीय बदल केलेली झाडं असतील तर १९८९च्या नियमांनुसार संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मान्यता लागते, आणि चेंबर ज्यांचं आहे त्यांच्या समितीलाही ते कळवावं लागतं. जनुक-संपादनातल्या काही प्रकारांना २०२२ साली यातल्या बऱ्याच अटींतून सूट मिळाली, पण बाहेरचा डीएनए उरलेला नाही हे दाखवेपर्यंत ती झाडंही बंदिस्तच ठेवायची असतात.

खोली सांभाळणाऱ्याला विचारायचे प्रश्न

प्रत्येक चेंबरामागे एक तांत्रिक सहायक असतो. यंत्र कधी रुसतं, कुठल्या कोपऱ्यात हवा पोचत नाही, ते त्यालाच माहीत असतं. त्यांच्याजवळ बसून चहा घ्या आणि विचारा: तापमापी शेवटची कधी तपासली? वीज गेली तर जनरेटर चेंबरला जोडलेला आहे की फक्त दिव्यांना? शेजारच्या कप्प्यात कुणाची कोणती झाडं आहेत, आणि गेल्या महिन्यात फुलकिडे किंवा लाल कोळी आले होते का? रविवारी गेट उघडतं का? दिवाळीत चावी कुणाकडे असते? गणपती विसर्जनाच्या दिवशी पेठेतून पलीकडे जाता येत नाही, तेव्हा शहरात राहणाऱ्याने त्या दिवशीच्या पाण्याची सोय आधीच कुणाला तरी सांगून ठेवायची. पुण्यात दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज जाते, पाणीही बऱ्याचदा गुरुवारीच बंद असतं. या दोन्हींचं काय करता, हा प्रश्न सगळ्यात आधी.

मी तो विचारला नव्हता. एका संस्थेत माझ्या कुंड्या होत्या, ३५ अंशांचा ताण संपायला नऊ दिवस उरले होते. गुरुवारी सकाळी वीज गेली, दुपारी आली. दिवे आपोआप लागले, पण कॉम्प्रेसर मात्र हाताने पुन्हा सुरू करावा लागायचा. तो कुणी केला नाही. बंद खोलीत दिवे जळत राहिले. शुक्रवारी सकाळी दार उघडलं तेव्हा आतली हवा तोंडावर आली, ओंब्या पांढऱ्या पडल्या होत्या. कॉम्प्रेसर सुरू केल्यावर अर्ध्या तासात खोलीच्या पडद्यावर पुन्हा ३५च दिसू लागलं. तापमानाची आपोआप नोंद ठेवणारा माझा स्वतःचा लॉगर कुंड्यांत ठेवलेला होता म्हणून ४७ अंशांचा आकडा कळला. तो नसता तर मी त्या झाडांचा निकाल ३५ अंशांचा म्हणून छापला असता, आणि ही कल्पना मला आजही अस्वस्थ करते.

तेव्हापासून माझ्या मुलांना तीन गोष्टी कराव्याच लागतात. दर दहा मिनिटांनी नोंद करणारा लॉगर झाडांच्या उंचीवर, उजेडाची थेट तिरीप लागणार नाही असा पांढऱ्या आडोशात. दारावर जाड अक्षरात स्वतःचं नाव, मोबाइल आणि "वीज आल्यावर कॉम्प्रेसर सुरू आहे ना बघा, नसेल तर मला रात्रीही फोन करा" अशी चिठ्ठी. आणि पेरणी एकदम न करता दहा दिवसांच्या अंतराने दोन हप्त्यांत, म्हणजे एक हप्ता गेला तरी दुसरा पॉलिहाऊसमध्ये उभा असतो.

बी टाकण्याआधी आणि नंतर

खोली मिळाल्यावर दोन दिवस रिकामी चालवा. पाटावर एक-एक फुटावर खुणा करून प्रकाशमापी फिरवा. मध्यभागी ४५० आणि कडेला ३०० असं नेहमी निघतं. तो नकाशा वहीत चिकटवा, आठवड्यातून दोनदा कुंड्यांच्या जागा बदला. कडेला एक ओळ नुसत्या भरतीच्या कुंड्यांची ठेवा, तिची मोजणी करायची नाही.

बाहेर वाढलेलं रोप थेट आत नेऊ नका. शक्य असेल तिथे बीच न्या. रोपंच न्यायची तर दहा दिवस वेगळी ठेवून भिंगाने पानांच्या पाठी बघा. दिवसाची सुरुवात चेंबरपासून करा आणि पॉलिहाऊसमध्ये नंतर जा, उलट केलं तर तुमच्या ओढणीवरून पांढरी माशी आत जाते. बंद खोलीत कीड आली की तिला खायला मित्रकीटक नसतात, आठ दिवसांत ती सगळ्यांच्या झाडांवर पोचते. बोअरचं खारं पाणी घालू नका, पाण्याचा पीएच (आम्लता) आणि ईसी (क्षारांचं माप) आठवड्याला लिहा. वॉक-इन खोलीत दोघांनी तासभर मोजण्या केल्या तर श्वासानेच कार्बन डायऑक्साइड चढतो, म्हणून मोजण्यांची वेळ रोज एकच ठेवा.

संख्याशास्त्राचा मुद्दा बहुतेक प्रबंधांत चुकलेला दिसतो. एका चेंबरात २० कुंड्या ३५ अंशांना ठेवल्या म्हणजे तापमानाची २० पुनरावृत्ती झाली असं नाही. तापमान चेंबरला दिलेलं आहे, कुंडीला नाही, त्यामुळे पुनरावृत्ती एकच. त्या खोलीचा पंखा, दिवे, कंप सगळं त्या एका आकड्यात मिसळलेलं असतं. यावर उपाय एकच: प्रयोग पुन्हा करायचा, आणि दुसऱ्या फेरीत चेंबरांची अदलाबदल करायची. पहिल्या वेळी जिथे २५ होते तिथे ३५. निदान दोन फेऱ्या, जमल्या तर तीन. म्हणूनच वेळ मागताना ३५ दिवसांच्या दोन फेऱ्या आणि मधले साफसफाईचे आठ दिवस एकत्रच मागा, अधेमध्ये दुसऱ्याचं आरक्षण आलं तर तुमचा प्रयोग अर्धा राहतो.

काम संपल्यावर माती स्वतः उचलायची, पाट ब्लीचच्या पाण्याने पुसायचा, गाळणी काढून धुवायची, आणि लॉगरच्या नोंदींची एक प्रत त्या तांत्रिक सहायकाला द्यायची. यंत्राची दुरुस्ती मागताना त्यांना ती उपयोगी पडते. निबंधात आभार मानताना त्यांचं पूर्ण नाव लिहा, आणि पद्धतीच्या भागात चेंबर किती मोठं, दिवे कोणते, प्रकाश कुठल्या उंचीवर मोजला, आर्द्रतेची तूट किती, वीज किती वेळा गेली तेही.

वेळेचा हिशेब असा: नोव्हेंबरमध्ये गहू पेरायचा असेल तर जूनमध्ये चार रकान्यांचं पान तयार, जुलैत शास्त्रज्ञांना पत्र, ऑगस्टमध्ये प्रत्यक्ष भेट, गणपतीनंतर औपचारिक अर्ज आणि करार, ऑक्टोबरमध्ये पैसे भरून रिकाम्या खोलीची मोजणी. दिवाळीची सुट्टी मध्ये येते, ती धरूनच तारखा लिहा. यंदाची माझी विद्यार्थिनी परवाच माळेगावला जाऊन आली. तिची आर्द्रतेची तूट अजून जुळत नाही, आज दुपारी आम्ही पुन्हा वही घेऊन बसणार आहोत.